एका गळ्याच्या तीन पिढ्या

लग्नाची वरात असो, आषाढी एकादशीची पहाट असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, आमच्या नांदेड-लातूरकडे एका घराण्याचा आवाज हमखास कानावर पडतो. आजोबा प्रल्हाद शिंदे, मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श. गाण्याची माती गावाकडची, पण खप बाजारातला. अशा गाण्याला हल्ली ‘फोक-पॉप’ म्हणतात. त्याचा मराठीतला जवळजवळ सगळा प्रवास या एका घरात पाहायला मिळतो. आज आदर्श शिंदे हे नाव तरुणांच्या ओठी आहे. पण ते तिथवर कसे पोचले हे कळायचे, तर सुरुवात आजोबांपासून करावी लागते.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. उमेदवारीच्या काळात ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला गात. हे आझाद म्हणजे १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोचलेले कव्वाल. पुढे ज्यांच्या विठ्ठलगीतांनी महाराष्ट्राची पहाट उजाडू लागली, तो गळा कव्वालीत तयार झाला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कव्वालीचा मुकाबला म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवे. समोरासमोर दोन पार्ट्या बसतात. एकीने शेरात सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. साथीला हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळ्या. कोरस ओळ उचलून धरतो, तेवढ्या उसंतीत मुख्य गायक पुढची ओळ जुळवतो. मैदान मोठे, ध्वनिक्षेपक साधा, आणि ऐकणारा शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेला. त्याच्यापर्यंत शब्द पोचला नाही तर पार्टी हरली. म्हणून आवाज छातीतून, पट्टी चढी आणि उच्चार लख्ख. प्रल्हाद शिंद्यांचे कोणतेही भक्तिगीत काढून ऐका, ही तालीम त्यात सापडते. त्यांची अनेक भक्तिगीते दत्ता पाटलांनी लिहिली, मधुकर पाठकांनी त्यांना चाली दिल्या. या दोघांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. मी कविता लिहितो, म्हणून हे जरा जास्त टोचते.

मराठवाड्याला हा आवाज लगेच आपला वाटला, त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा उर्दूची, घर मराठीचे, बाजार दख्खनीचा. कंधारच्या दर्ग्याचा उरूस आणि माळेगावची खंडोबाची यात्रा एकाच जिल्ह्यातली, आणि दोन्हीकडे जाणारी माणसेही पुष्कळदा तीच. अशा कानाला कव्वालीच्या ढंगातला विठ्ठल परका वाटेल कसा?

पण या गोडव्याखाली एक दुखणे आहे, ते झाकून चालणार नाही. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे असतील. ज्या समाजाला त्या दारातून आत जाऊ दिले जात नव्हते, त्या समाजातल्या मुलाचा आवाज पुढे गावोगावच्या देवळांच्या कर्ण्यांवरून घुमला. आमच्या भागात तर ही विसंगती अधिक बोचरी झाली. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातही माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत देवळांवरची ती गाणी कुणी बंद केली नाहीत. आवाज आत घेतला, माणूस बाहेर ठेवला. मला आजही एखाद्या कविसंमेलनात कौतुकाने विचारतात, “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?” तेव्हा मला प्रल्हाददादा आठवतात. त्यांनी विठ्ठल गायिला, भीमराव गायिला, कव्वालीही गायिली. त्यातले कोणते आपले आणि कोणते परक्याचे, याचा हिशेब त्या गळ्याने ठेवला नाही.

दुसरी पिढी आली ती कॅसेटवर बसून. ऐंशीच्या दशकात टी-सिरीज, व्हीनस यांच्यासारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली. रात्रभर आळवायचे गाणे आता पाच-सहा मिनिटांत बसवावे लागले. मुखडा पहिल्याच फटक्यात पकडणारा हवा, ठेका पायांना उठवणारा हवा. आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट’ याच काळातला. पांढरपेशा घरांनी नाके मुरडली, पण एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत, लातूरच्या गंजगोलाईत आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तो वाजतच राहिला. कॅसेटने एक मोठे काम केले: कुणाचे गाणे चालावे हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाच्या हाती दिला. आनंद-मिलिंदांनी त्याच कॅसेटवरून भीमगीतेही घरोघर पोचवली.

पुढे २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ हे गाणे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतले. २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल हिंदीत गेली. जत्रेतल्या गाण्याला मुंबईच्या मोठ्या पडद्याचे दार उघडले. त्या दारातून आदर्श शिंदे आत आले. २०१३ च्या ‘दुनियादारी’तल्या त्यांच्या गाण्याने कॉलेजातली पोरे वेडी झाली. प्रेमभंगाचेच गाणे, पण हाक मारण्याची तऱ्हा देवाच्या दारात उभे राहून केलेल्या फिर्यादीची. तीच चढी पट्टी, तोच लख्ख उच्चार. नातू स्टुडिओत गातो, तरी त्याला शेवटच्या रांगेतला माणूस दिसतो.

२००४ च्या १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्यात एक शब्द आणि एक सूर हरपला. त्यांची गाणी आजही मिरवणुकीत वाजतात, पण आता डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते आणि शब्द कळत नाही. या गाण्याचा सारा जीव तर शब्दात. ते कुणी लिहिले, कुणी गायिले आणि कुणाच्या दाराबाहेर उभे राहून गायिले, हे समजायचे असेल तर आवाज थोडा कमी करायला काय हरकत आहे?