टन सांगण्याआधी घर बघणारा विक्रेता शोधा

मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा 46–47 अंशांवर जातो. तरी इथे नवं घर बांधणारी माणसं फरशीसाठी दहा दुकानं पालथी घालतात आणि एसी मात्र वास्तुशांतीच्या तोंडावर, ओळखीच्या दुकानदाराकडून उचलतात. घाईत घेतलेल्या या निर्णयामागे काही पक्के गैरसमज आहेत.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज टनाचा. ‘दहा बाय बाराची खोली ना, मग एक टन पुरे,’ असं काउंटरवरच सांगितलं जातं. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीबाहेर फेकण्याची क्षमता. पण ती मोजतात बाहेर 35 अंश असताना. 46 अंशांत तोच एसी कमी गारवा देतो आणि वीज जास्त खातो, म्हणून ‘46 अंशांना याची क्षमता किती?’ हे विचाराच. खोलीवर उघडा स्लॅब आहे की वरचा मजला, पश्चिमेचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं, हे न बघता टन सांगणं म्हणजे पेशंट न तपासता गोळ्या देणं. आउटडोअर युनिटही दिसू नये म्हणून बंदिस्त डक्टमध्ये कोंबतात. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतं.

‘एसी आहे, मग वायुवीजनाचं वेगळं काय?’ हाही असाच समज. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लागतोच, आणि हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता गरगरतो. दाराखाली फट किंवा भिंतीत झरोका ठेवायचा तो प्लास्टर होण्याआधीच.

कूलर मागास नाही. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगल्या खसाचा कूलर 28–29 अंशांची हवा देऊ शकतो, तीही ताजी. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. धानाच्या रोवणीच्या दमट दिवसांत मात्र तो फक्त चिकचिक वाढवतो. त्यामुळे उन्हाळ्याला कूलर आणि दमट दिवसांना एसी, ही जोडी मला इथे सर्वांत शहाणपणाची वाटते.

हीट पंप फक्त थंड देशांसाठी असतो, हेही खरं नाही. एसी हाच मुळात हीट पंप आहे. आतली उष्णता बाहेर नेतो, आणि ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेल हिवाळ्यात हीच क्रिया उलटवतं. हीट पंपाचा वॉटर हीटर साध्या गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत पाणी तापवतो. पण इथे उन्हाळ्यात टाकीचंच पाणी चटका देतं. तेव्हा मोठं कुटुंब किंवा लॉज असेल तरच तो पैसा वसूल होईल.

आणि ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ ही तर फसवणुकीची वाट. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला लावा, मग गॅसचे पैसे द्या. नवा एसी बसवतानाही मेकॅनिकने तांब्याच्या पाइपातली हवा व्हॅक्यूम पंपाने काढलीच पाहिजे. नुसता थोडा गॅस सोडून हवा ढकलणाऱ्याला तिथेच थांबवा.

घराचं प्लास्टर बाकी असतानाच विक्रेत्याला साइटवर बोलवा. भिंती-खिडक्या मोजून जो क्षमता, आउटडोअर युनिटची जागा आणि सर्व्हिसची जबाबदारी लेखी देईल, तो थोडा महाग पडला तरी काम त्यालाच द्या.