फुकट शिपिंगचे दशक

1 फेब्रुवारी 2026 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरचे सीमाशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. पाठोपाठ विमानप्रवाशांसाठी नवे बॅगेज नियम आले. परदेशातून परतणाऱ्याला आता 50,000 ऐवजी 75,000 रुपयांपर्यंतचा माल बिनकराचा आणता येतो. शहरात दोन्ही बातम्यांचे स्वागत झाले. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावाला मात्र या दिलाशाचे करायचे काय, असा प्रश्न पडावा. विमानतळावरच्या हिरव्या मार्गिकेतून बॅगा ओढत बाहेर पडणारे इथे किती असणार? आणि चीनहून टपालाने वस्तू मागवण्याची जी सोय एकेकाळी इथवर पोचली होती, ती 2020 सालीच मोडीत निघाली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकण्यासारखा आहे. उदारीकरणाच्या तोंडावर आयातीवरचा कर कित्येक वस्तूंना मूळ किमतीच्या दीडपट, क्वचित त्याहून जास्त पडे. ‘फॉरेनचा माल’ म्हणजे मुंबईचे मुसाफिरखाना किंवा मनीष मार्केट, नाहीतर आखातातून सुटीवर आलेल्या कुणाची तरी बॅग. 1991 नंतर दर उतरत गेले. 1 एप्रिल 2001 रोजी आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले, त्याच वर्षाच्या शेवटी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. 2007 पर्यंत बिगरशेती मालावरचा कमाल दर 10 टक्क्यांवर आला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तिथल्या खेळण्यांच्या दुकानांत चायना मालाचे ढीग दिसू लागले ते याच काळात. पण तो माल कंटेनरने न्हावा शेवाला उतरायचा, मुंबईच्या घाऊक बाजारातून नागपूरला, तिथून साकोलीला आणि मग मंडईत यायचा. वाटेतला प्रत्येक जण आपला वाटा काढून घ्यायचा आणि गावातल्या गिऱ्हाइकाला ती वस्तू सगळ्यात महाग पडायची.

ही साखळी तुटली ती पुढच्या दहा वर्षांत. 2010 साली अलीएक्सप्रेस हे चिनी खरेदीचे संकेतस्थळ सुरू झाले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि खेड्यातल्या पोरांच्या हातात स्वस्त इंटरनेट आले. त्या सुमारास क्लब फॅक्टरी आणि शीन या चिनी शॉपिंग ॲपनी भारतात चांगलाच जम बसवला होता.

चीनहून टपालाने येणारे ते पाकीट ज्याने घेतले त्याच्या अजून डोळ्यांसमोर असेल. राखाडी प्लास्टिकची चपटी पिशवी, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली. वर सीमाशुल्काचे छोटे घोषणापत्र, त्यात ‘गिफ्ट’च्या चौकोनात खूण आणि पुढे दोन-तीन डॉलरची किंमत. बारकोडखाली ‘आर’ने सुरू होऊन ‘सीएन’वर संपणारा क्रमांक. आत काय? इअरफोन, मोबाइलचे कव्हर, मासेमारीचे गळ, आयटीआयच्या पोराने मागवलेला चार्जिंगचा इवलासा सर्किट बोर्ड, नाहीतर डोक्याला बांधायची बॅटरी. ही बॅटरी चैनीची वस्तू नव्हती. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळाली की धानाच्या बांध्यांत अंधारात पाणी धरायला जावे लागते, आणि तेव्हा दोन्ही हात मोकळे हवे असतात.

पैसे भरण्यात अडचण होती. जनधनचे देशी रुपे कार्ड परदेशी साइटवर चालत नसे, म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्डवाल्या मित्राला गळ घालावी लागे. क्लब फॅक्टरीने ‘सीओडी’, म्हणजे वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सोय, दिली आणि तीही अडचण मिटली. मग वाट पाहायची. महिना, कधी दीड महिना. पार्सल आले की नाही, हे विचारायला पोरे डाकघराच्या दारात उभी.

या व्यवहाराचे मर्म स्वस्ताईपेक्षा वाहतुकीच्या दरात होते. अंधेरीला ‘फ्री शिपिंग’, तर एकोडीलाही ‘फ्री शिपिंग’. याला कारण जागतिक टपाल संघाची जुनी व्यवस्था. पाठवणाऱ्या देशाचे टपाल खाते पोचवणाऱ्या देशाला ठरावीक मोबदला देते, आणि चीन विकसनशील देशांच्या गटात असल्याने दोन किलोच्या आतल्या पाकिटांसाठी हा दर अगदी नगण्य होता. मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याच्या विदेश डाकघरात उतरलेले पाकीट तिथून नागपूर, नागपुरातून साकोली आणि शेवटी ग्रामीण डाकसेवकाच्या सायकलीवरून घरापर्यंत नेण्याचा खर्च एका अर्थाने भारतीय टपाल खातेच सोसत होते. शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरात सीताबर्डीला जाऊन खरेदी करायची, तर एसटीचे भाडेच वस्तूपेक्षा जास्त. त्या दहा वर्षांत पिनकोड बघून कुणी भाव सांगितला नाही.

यात लबाडी होती, हे झाकायचे कारण नाही. जीएसटीनंतर 5,000 रुपयांपर्यंतची खरीखुरी भेट करमुक्त होती. तीच वस्तू नियमाप्रमाणे आयात केली तर सगळे मिळून 42 टक्क्यांच्या आसपास कर पडे. चिनी कंपन्या विकलेला माल बिनदिक्कत ‘भेट’ म्हणून पाठवत. 2018-19 मध्ये व्यापाऱ्यांनी ओरड केली, मुंबई-दिल्लीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी माल अडवला. व्यापाऱ्यांची तक्रार खरी होती. साकोलीचा दुकानदार जीएसटी भरणार आणि ग्वांगझूचा विक्रेता भरणार नाही, याला न्याय म्हणत नाहीत.

पण उपाय काय केला? ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2018 पासून कमी किमतीच्या परदेशी मालावरचा जीएसटी विकणाऱ्या साइटकडूनच वसूल करायला सुरुवात केली. युरोपीय संघाने 1 जुलै 2021 पासून तोच मार्ग धरला. ग्राहकाने खरेदी करतानाच कर भरायचा, पार्सल दारात येईल तेव्हा कटकट नाही. भारताला हे जमण्यासारखे होते. त्याऐवजी 12 डिसेंबर 2019 रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने ‘भेट’ म्हणून टपाल वा कुरियरने सवलतीत माल सोडवण्यालाच बंदी घातली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. त्यातही राखीसोबतची भेट वगळलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुबईतल्या भावाने बहिणीला पाठवलेली साडी आणि चिनी कंपनीने विकलेला टॉप एकाच मापाने मोजले गेले.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचा कर 20 वरून 60 टक्के. मार्चपासून विमाने बंद. जूनमध्ये चीनच्या सीमेवर गलवानची चकमक, आणि 29 जूनला 59 ॲपवर बंदी. त्यात शीन आणि क्लब फॅक्टरीही होत्या. 24 नोव्हेंबरला अलीएक्सप्रेसही गेले. सीमेवर जवान मारले गेले असताना कुणी इअरफोनसाठी रडणार नव्हते, आणि रडूही नये. पण सीमेवरचा राग आणि करवसुलीतली ढिलाई हे दोन वेगळे प्रश्न एकाच आदेशात मिटले असे सगळ्यांनी धरून चालले, आणि खेड्यातल्या ग्राहकाचा विचार तिथेच संपला.

आयातीपुढे ही भिंत उभी करताना सांगितले गेले की आत कारखाने येतील. या पट्ट्याने ते आश्वासन आधीच अनुभवले आहे. मे 2013 मध्ये, प्रफुल्ल पटेल केंद्रात अवजड उद्योगमंत्री असताना, भंडारा जिल्ह्यातल्याच मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. सौर उपकरणांच्या कारखान्याचीही भाषा झाली. पुढच्याच वर्षी, चीनसह चार देशांतल्या स्वस्त सौर सेलवर अँटी-डम्पिंग शुल्क लावण्याची शिफारस वाणिज्य मंत्रालयाच्या यंत्रणेने केली होती. सरकारने ऑगस्ट 2014 मध्ये ती मुदत उलटू देऊन सोडून दिली. 1 एप्रिल 2022 पासून सौर पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क आले. तोवर मुंडीपारच्या कारखान्याची वाट बघून पोरे पुण्याला आणि नागपूरला निघून गेली होती. संरक्षण हवे होते तेव्हा दिले नाही, दिले तेव्हा राखायला काही उरले नव्हते.

आता काय चालते? तीच डोक्याची बॅटरी साकोलीच्या बाजारात मिळते. कंटेनरमधून येते, कर आणि चार जणांचा नफा पोटात घेऊन येते, बिल मिळत नाही. शीन फेब्रुवारी 2025 मध्ये रिलायन्सचा हात धरून परत आली, पण भारतात शिवलेले कपडे घेऊन. ऑनलाइन मागवायला जावे तर कित्येक खासगी कुरियर ‘या पिनकोडला सेवा उपलब्ध नाही’ असे सांगून मोकळे होतात.

उलट दिशेनेही वाट अरुंदच झाली. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढून घेतली. भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सले थांबवावी लागली आणि ती 15 ऑक्टोबरला, दिवाळी पाच-सहा दिवसांवर आली असताना, पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीतल्या लेकीला फराळ पाठवणाऱ्यांनी खासगी कुरियरला फराळाच्या कित्येक पट भाडे मोजले, नाहीतर डबे घरीच संपवले.

2014 च्या अर्थसंकल्पात विमानप्रवाशाची करमुक्त मर्यादा 45,000 झाली, 2016 मध्ये 50,000, आता 75,000. टपालाने येणाऱ्या भेटीची मर्यादा याच काळात शून्यावर आली आणि ताज्या अर्थसंकल्पातही तिथेच राहिली. परदेशातल्या बहिणीने एकोडीच्या भावाला राखी पाठवली तर ती बिनकराची येईल. पण परदेशातल्या भावाने भाऊबीजेला एकोडीच्या बहिणीला दोन हजारांचे घड्याळ टपालाने पाठवले, तर डाकघरात कर मोजून ते सोडवायचे तिनेच.