घरातले ध्वनिमुद्रण : हत्यारे आणि हिशोब



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळी मनात म्हणाली असतील की, हा तरुण पोरांचा उद्योग, आपणांस त्याचे काय? परंतु आपल्यापैकी किती घरांत तंबोरा, पेटी किंवा तबल्याची जोडी आहे, ते आठवून पाहा. कोणाची मुलगी भावगीतांना चाली लावते, कोणाच्या आईला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. ही सारी मंडळी आज घरबसल्या आपले गाणे मुद्रित करून जगापुढे ठेवू शकतात. ते कसे ठेवावे, आणि ठेवताना हातचे काय जाऊ देऊ नये, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायझबर्ग या गृहस्थाने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले. तेव्हा गवयाने भोंग्यात तोंड घालून गावयाचे आणि तीन मिनिटांत राग आवरावयाचा, असा प्रकार होता. यंत्र साहेबाचे, तबकडी साहेबाची. अमेरिकेत लेस पॉलने १९४० नंतरच्या दशकात घरच्या गॅरेजमध्ये एकावर एक सूर चढविण्याचे प्रयोग केले, तेथून वारे फिरले. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारे पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र निघाले. अशाच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ हा १९८२ चा संग्रह घरातल्या खोलीत मुद्रित केला. पुढे स्टुडिओत तीच गाणी वाद्यवृंदासह करून पाहिली, ती मनास येईनात. शेवटी घरची कॅसेटच प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी वापरलेले दोन मायक्रोफोन सामान्य किमतीचे होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण आपण नेमके उलट करतो. मी स्वतः तेच केले. पदरचे पैसे मोडून पहिल्यांदा एक महागडा कंडेन्सर मायक्रोफोन आणला आणि फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत गायलो. ऐकून पाहिले तर न्हाणीघरात गायल्यासारखे! शिवाय मागे पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. मायक्रोफोन उत्तम होता, म्हणूनच त्याने सारे इमानेइतबारे टिपले होते.

तेव्हा पहिला खर्च खोलीवर करावा, आणि तो बहुधा घरातल्याच वस्तूंनी भागतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ सुरात मिसळतो. त्या मिसळण्याने आवाज पोकळ होतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंस जाड गोधड्या टांगाव्यात, कापसाची गादी भिंतीशी उभी करावी, पुस्तकांचे कपाट किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट समोर घ्यावे. अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याचा एक प्रघात आहे. त्याने भिंत विद्रूप होण्यापलीकडे फारसे काही होत नाही. मात्र गोधडीचीही मर्यादा ओळखली पाहिजे. पातळ कापड फक्त वरचे सूर शोषते. १०० कंपनांच्या खर्जाच्या लाटेची लांबी ३.४ मीटर भरते. तिला भिंतीपाशी अडवावयाचे तर साधारण ८५ सेंटिमीटर, म्हणजे लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी, जाडी हवी. म्हणून डग्ग्याची घुमक लहान चौरस खोलीत आवरत नाही. तबला मुद्रित करावयाचा असेल तर घरातली सर्वांत मोठी खोली निवडावी आणि कोपरा टाळावा.

बाहेरचा गलबला मात्र गोधडीने थांबत नाही, त्याला भिंतीच लागतात. त्यावर माझा इलाज घड्याळाचा आहे. पहाटे साडेचार ते सहा या वेळात आपल्या शहरातही कोकिळेखेरीज कोणी बोलत नाही. पंखा आणि फ्रिज बंद करावा. घाम येतो, त्याला उपाय नाही.

आता हत्यारांकडे वळू. एक मायक्रोफोन; त्याचा आवाज अंकांत बदलून संगणकास देणारी पेटी, जिला इंटरफेस म्हणतात; कान झाकणारा बंद हेडफोन; आणि मुद्रणाची प्रणाली. प्रणालीवर आरंभी एक पैसाही घालवू नये. ऑडॅसिटी आणि आर्डर यांसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालींवर चांगले काम होते. खोली गोंगाटी असेल तर डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन घ्यावा. तो जवळचे ऐकतो आणि दूरचे बरेचसे सोडून देतो. कंडेन्सर अधिक हळवा, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते. तंबोऱ्याच्या जवारीसाठी तो मला अधिक आवडतो, पण खोली शांत असेल तरच.

मायक्रोफोनचे अंतर हे फुकटचे हत्यार आहे. अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो, खोलीचा प्रतिध्वनी मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून वाईट खोलीत जवळून गावे, एक वीतभर अंतरावरून. पेटी मुद्रित करताना भात्याकडून मायक्रोफोन दूर ठेवावा, नाहीतर सुरांपेक्षा वाराच जास्त येतो. आणि मुद्रण २४ बिटांत करून सर्वांत मोठ्या तानेलाही बरीच जागा वर मोकळी ठेवावी. आवाज कमी असेल तर मागाहून वाढविता येतो. फाटलेला आवाज कोणालाही शिवता येत नाही.

येथवर गोष्ट सोपी होती. खरी ठेच लागते ती व्यवहारात.

गाणे जगापुढे ठेवण्यासाठी वितरक नावाचा मध्यस्थ लागतो. तो वर्षाकाठी वर्गणी घेतो किंवा उत्पन्नात हिस्सा घेतो, आणि प्रत्येक मुद्रणास आयएसआरसी हा बारा अक्षरअंकांचा क्रमांक मिळवून देतो. हा क्रमांक जपून ठेवावा. पुढे वितरक बदलला तरी मुद्रणाची ओळख तीच राहते. उत्पन्नाविषयी मात्र भ्रम नसावा. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी दर ऐकण्याला ठरलेला भाव नसतो. साऱ्या वर्गण्यांचा आणि जाहिरातींचा एक साठा होतो आणि एकंदर ऐकण्यांत आपला वाटा जितका, तितके पैसे पडतात. शिवाय २०२४ पासून मागील बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या मुद्रणाला तेथे काहीच मिळत नाही. तेव्हा मुद्रण हे दुकानाची पाटी समजावे. गिऱ्हाईक कार्यक्रमांतून आणि शिकवण्यांतून येते.

हक्काचे तसे नाही. आपल्या कायद्याने शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि मुद्रणाचा वेगळा. घरी स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर मुद्रण करणारा हा त्या मुद्रणाचा निर्माता ठरतो. म्हणजे गौहरजानच्या काळी साहेबाकडे असलेली जागा आता आपली आहे. साथ करणाऱ्या तबलजीसही कलावंत म्हणून हक्क आहे, म्हणून त्याच्याशी चार ओळींचा कागद आधीच करावा. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल सर्वांची नव्हे. ते २०११ मध्ये निवर्तले आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०७१ अखेर राहतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाचे पाहा. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. त्यामुळे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, चाली २०६२ अखेर. तोवर परवानगी घ्यावी. राग मात्र कोणाच्याही मालकीचा नाही.

माझ्या गुरुजींनी कॅसेटच्या दिवसांत एका कंपनीला आठ चाली दिल्या. ठोक रक्कम मिळाली, कागदावर सही झाली. कागदात ‘कायमस्वरूपी’ असा एक शब्द होता. वास्तविक मुदत लिहिलेली नसेल तर असे हस्तांतर पाच वर्षांचेच मानावे, असे कायदा म्हणतो. पण येथे मुदत लिहिलेली होती. पुढे गुरुजींना त्याच चाली नव्याने मुद्रित करावयाच्या होत्या, तेव्हा वकिलाने मान हलविली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला निम्मा वाटा करार करूनही सोडता येत नाही, तो फक्त वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडे जातो. गुरुजी तोवर थकले होते. म्हणून सांगतो, कागदावर मुदत, प्रदेश आणि हिस्सा हे तिन्ही वाचल्याशिवाय सही करू नका, आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घेण्याचा आळस करू नका.

ती कंपनी पुढे बंद पडली, मूळ फितींचा पत्ता नाही. माझ्याकडे एक कॅसेट होती, तीवरून मी मागाहून अंकीय प्रत केली. दोन चालींच्या जागी नुसती खरखर उरली होती. म्हणून मुद्रणाच्या मूळ पट्ट्या दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्याच्या घरी असावी. वर तारीख लिहावी, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची नावेही.