चक्क्याच्या पाण्यातले धागे

पुणे-नाशिक महामार्गावर मंचरजवळ अवसरी फाटा लागतो. तिथेच पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे. दुधाचं चीज होताना सुटणाऱ्या पाण्यातून व्हे प्रोटीन मिळतं. श्रीखंडासाठी दही टांगल्यावर फडक्यातून गळतं, ते या पाण्याचंच भावंड. त्यातलं मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते तीव्र आम्लात ९० अंश सेल्सियसला काही तास तापवलं, की त्याचे तुकडे शिडीच्या पायऱ्यांसारखे रचले जाऊन लांब, ताठ धागे तयार होतात. दोन पायऱ्यांतलं अंतर जेमतेम ०.४७ नॅनोमीटर. हीच अमायलॉइडची रचना.

या नावाला भीती चिकटली आहे, ती आजारांमुळे. १८५४ मध्ये रुडॉल्फ विरचॉव्ह यांनी आयोडीन लावल्यावर रंग बदलणारा मेंदूतला पदार्थ पाहिला, तो पिष्टासारखा वाटला म्हणून हे नाव दिलं. पुढे तो प्रथिनांचा निघाला, नाव मात्र राहिलं. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी विस्मृतीने ग्रासलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतल्या साक्यांचं (प्लाक) वर्णन केलं. ते अशाच धाग्यांचे असतात.

मग हे धागे रोखता येतील का? नॅनोमीटरच्या मापाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, ते करतील का? २००७ मध्ये सारा लिन्से आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या सांध्यांत साचणारं प्रथिन घेतलं. नॅनोकण मिसळताच धागे लवकर बनू लागले. पुढच्याच वर्षी अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटा प्रथिनावर बहुवारिकाचे (पॉलिमरचे) नॅनोकण वापरले, तेव्हा धागे रेंगाळले. २०१० मध्ये तर एकाच जातीच्या पॉलिस्टायरिन कणांनी दोन्ही गोष्टी केल्या.

याचं मर्म विरजण लावणाऱ्या घराला सहज कळेल. दह्याला विरजण, तसं धाग्याला सुरुवातीचं बीज लागतं. कण थोडे असले की त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांची दाटी होते आणि तिथे बीज धरतं. कण भरपूर असले की प्रथिनं त्यांच्यावर विखरून अडकतात, द्रावणात पुरेशी उरतच नाहीत. पृष्ठभाग कसा आणि प्रमाण किती, यावर सगळं ठरतं. शिवाय रक्तात शिरताच कणावर इतर प्रथिनांचा थर चढतो आणि मेंदूच्या वाटेवर रक्तवाहिन्यांची कडेकोट भिंत असते. परीक्षानळीतलं यश म्हणजे औषध नव्हे, हे रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं.

धागे आणि नॅनोकण यांच्या नात्याची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. अमायलॉइड म्हणजे केवळ रोग नाही. पुढे आयआयटी मुंबईत संशोधन करणारे समीर माजी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की शरीर स्वतः काही संप्रेरकं याच रूपात साठवून ठेवतं. झुरिकच्या ईटीएच संस्थेने २०१७ मध्ये दुधातल्या प्रथिनाच्या धाग्यांवर लोहाचे नॅनोकण बसवले. धाग्याने कणांना एकत्र गोळा होऊ दिलं नाही आणि उंदरांच्या अंगी ते लोह लागलं. २०२४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी व्हेच्या धाग्यांचा स्पंज करून संगणकांच्या २० मदरबोर्डांतून ४५० मिलिग्रॅमचा, २२ कॅरेट सोन्याचा गोळा काढला.

लोहाची गरज इथेही आहे: महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मंचरच्या आंबेगाव तालुक्यात दूध आहे, आणि अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. लोहाच्या कणाला दुधाच्या धाग्याचा आधार देण्याचं काम झुरिकला होऊ शकतं, तर ज्या गावांतून रोज पहाटे दूध निघतं, तिथल्या मुलामुलींनीही ते हाती घ्यावं. प्रमाण साधण्याची कला त्यांच्या आयांना विरजणाने केव्हाच शिकवली आहे.