बिनदुधाची चॉकलेट कॉफी: काय खरं, काय गैरसमज

मुंबईच्या शीव कोळीवाड्यात निरनिराळ्या चवी शेजारी-शेजारी नांदतात. मूळच्या कोळ्यांच्या घरात नारळाच्या वाटणाचं कालवण शिजतं. फाळणीनंतर इथल्या छावणीत येऊन स्थिरावलेल्या पंजाबी कुटुंबांनी लस्सी आणि पनीर आणलं. किंग्ज सर्कलकडे चालत गेलं, की माटुंग्याची फिल्टर कॉफी. म्हणजे बिनदुधाच्या चॉकलेट कॉफीला लागणारं जवळपास सगळं सामान पायाखालच्या वाटेवर आहे. तरीही डॉक्टरांनी ‘दूध बंद’ म्हटलं, की माणूस एकतर कॉफीच सोडतो, नाहीतर पर्यायी दुधाचं महागडं खोकं विकत आणतो. दोन्हींमागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १: दूध पचत नाही, म्हणजे पोटात काहीतरी बिघाड आहे.

वस्तुस्थिती: दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर तान्हेपणी भरपूर असतं आणि पुढे बहुतेक माणसांत कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. मोठेपणीही हे विकर टिकवून ठेवणारा जनुकीय बदल वायव्य भारतात जास्त आढळतो आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी होत जातो. त्यामुळे एकाला दोन पेले लस्सी पचते आणि शेजाऱ्याचं एका कप दुधाने पोट फुगतं, यात कुणाची प्रकृती नाजूक असं काही नाही. लॅक्टोज न पचणाऱ्या पुष्कळांना थोडं दूध किंवा दही चालतंही. दुधाची अ‍ॅलर्जी मात्र वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांची असते, थोड्याशा दुधानेही अंगावर गांधी उठू शकतात, श्वास लागू शकतो. आपल्याला यांतलं नेमकं काय आहे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

गैरसमज २: ‘लॅक्टोज-फ्री’, ‘नॉन-डेअरी’ किंवा हिरवा ठिपका दिसला, की वस्तू बिनदुधाची.

वस्तुस्थिती: लॅक्टोज-फ्री दूध हे गाईम्हशीचंच दूध असतं, फक्त त्यातली साखर आधीच फोडलेली असते. अ‍ॅलर्जी असलेल्याला ते चालत नाही. ‘नॉन-डेअरी’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या पावडरीत अनेकदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे आणि आपल्याकडे दूध शाकाहारात मोडतं. प्राणिजन्य काहीच नसलेल्या पदार्थांसाठी २०२१ साली वेगळं व्हीगन चिन्ह जाहीर झालं. अ‍ॅलर्जी असेल तर चिन्हावर न थांबता पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचावी.

गैरसमज ३: चॉकलेट म्हटलं, की दूध आणि साखर आलीच.

वस्तुस्थिती: कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दळतात, त्यातलं बरंचसं लोणी काढून घेतात आणि उरलेल्या पेंडीची पावडर करतात. या पावडरीत दूध नसतं, साखरही नसते. गोड ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ची गोष्ट निराळी. त्यात बहुतेक वेळा साखर पहिल्या क्रमांकावर असते आणि काहींत दूध पावडरही. वाण्याकडे मागताना ‘बिनसाखरेची कोको पावडर’ असं स्पष्ट सांगावं.

गैरसमज ४: नारळाचं दूध कॉफीत फाटतं.

वस्तुस्थिती: फाटतं ते आपल्या घाईमुळे. कॉफी आंबट असते. उकळत्या कॉफीत गार दूध ओतलं, की आंबटपणा आणि उष्णता एकदम लागून प्रथिनं आकसतात आणि तेल वर तरंगतं. नारळाच्या रसात कालवण करणाऱ्या कुणालाही यावरचा उपाय माहीत आहे: रस शेवटी घालायचा, आच मंद ठेवायची, ढवळत राहायचं आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. कॉफीलाही हाच नियम. गुळाचीही भीती नको, कोकणात शिरवाळे नारळाचं दूध आणि गूळ यांच्याच रसात खातात.

गैरसमज ५: नारळाचं दूध घातलं, की गाईच्या दुधाची भरपाई झाली.

वस्तुस्थिती: इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवं. गाईच्या २०० मिलिलिटर दुधातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. घरी काढलेल्या नारळाच्या दुधात दोन्ही अगदी थोडं. प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ते ताटातून यायला हवं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. काट्यासकट खाल्ली जाणारी कुरकुरीत मांदेली आणि सुका जवळा यांतूनही कॅल्शियम मिळतं. प्रथिनं पेयातूनच हवी असतील, तर सोयाचं दूध बरं. नारळाच्या दाट दुधात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि तो बहुतांश संपृक्त. म्हणून रोजच्या कपाला पातळ दूधच योग्य.

तान्ह्या बाळाला तर कोणतंही वनस्पतीजन्य दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये. आईचं दूध कमी पडणाऱ्या बाळांसाठी शीवच्याच लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली.

गैरसमज ६: गूळ घातला, की हात आखडायची गरज नाही.

वस्तुस्थिती: गुळात खनिजं थोडी जास्त असतात, पण तो मुख्यतः साखरच. मधुमेह्याने तो साखरेइतकाच मोजावा. कॉफीचंही प्रमाण सांभाळावं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर कॉफी टाळावी, कारण ती अन्नातलं लोह शोषू देत नाही. चिकोरीला पुष्कळजण भेसळ समजतात. पाकिटावर प्रमाण छापलेलं असेल तर ती कायदेशीर आहे आणि तिच्यात कॅफीन नसतं.

एका कपाची कृती

अर्धी वाटी ओला नारळ खोवून पाऊण कप कोमट पाण्यात मिक्सरला फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळा. दोन छोटे चमचे कोको थेट दुधात टाकू नका, गुठळ्या होतात. आधी दोन चमचे गरम पाण्यात घोटून गुळगुळीत लेप करा. त्यात पाव कप फिल्टर कॉफीचा अर्क आणि एक छोटा चमचा किसलेला गूळ मिसळून मिनिटभर गरम करा. मिठाची कणी घाला, तिने कोकोचा कडवटपणा मवाळ होतो. आता आच मंद करून नारळाचं दूध धार धरून ओता आणि ढवळत राहा. कडेला वाफ दिसली, की उतरवा. वर जायफळ किसा.

हे दूध टिकाऊ नाही. मुंबईच्या दमट हवेत काही तासांत आंबूस होतं, तेव्हा लागेल तेवढंच काढावं. उरलेल्या चोथ्याची चटणी होते. कॅल्शियम आणि प्रथिनांची सोय दिवसभराच्या जेवणात केलेली असेल, तर दूध सोडावं लागलेल्या माणसाने हा कप निर्धास्तपणे प्यावा.