हिरव्या थराची पारख

काचेसारख्या काळ्या कार्बनची ३ मिलिमीटर व्यासाची चकती. अ‍ॅल्युमिनाच्या ओल्या भुकटीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत ती आरशासारखी घासायची, मग गंधकाम्लात मिसळलेल्या अ‍ॅनिलिनमध्ये बुडवून व्होल्टेज खाली-वर करत राहायचं. दर फेरीला चकतीवर हिरवा थर दाट होत जातो. व्होल्टेज बदललं की तोच थर पिवळट, हिरवा, निळा होतो. हे पॉलिअ‍ॅनिलिन, वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक.

लंडनच्या हेन्री लेथबीने प्लॅटिनमवर असा निळसर-हिरवा थर चढवला तो १८६२ मध्ये. पण प्लॅस्टिकमधून वीज वाहते याकडे जगाचं लक्ष गेलं १९७७ मध्ये. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

असे वीजवाहक थर औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरमध्येही वापरतात. त्यांना औषध ‘कळतं’ कसं, हे पॅरासिटामॉलवरून पाहू. योग्य व्होल्टेजला त्याचा रेणू इलेक्ट्रोडला दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचं नॅपक्वी हे संयुग होतं. औषध जितकं जास्त, तितका करंट जास्त. गंमत अशी की आपलं यकृतही हेच नॅपक्वी बनवतं. नेहमीच्या डोसमध्ये यकृतातलं ग्लुटाथायोन हे संयुग त्याचा निकाल लावतं, अतिडोसमध्ये ते संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून रक्तातलं प्रमाण झटपट कळण्याला किंमत आहे.

इथे पॉलिअ‍ॅनिलिन मात्र हात टेकतं. त्याला आम्ल लागतं, रक्ताच्या ७.४ सामूला त्याची वाहकता जवळजवळ जाते. पेडॉट हे दुसरं वीजवाहक प्लॅस्टिक तिथे टिकतं. पॉलिपायरोल या तिसऱ्या वीजवाहक प्लॅस्टिकची युक्ती निराळी: थर बनतानाच त्यात औषधाचे रेणू अडकवायचे, मग धुऊन काढायचे. मागे उरतो तो पिठात उमटलेल्या ठशासारखा खळगा, त्याच औषधाच्या मापाचा.

खरी अडचण रक्ताची आहे. त्यातलं युरिक आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देतात, प्रथिनं थरावर चिकटून बसतात. म्हणून नव्या सेन्सरचा दावा वाचताना नुसती संवेदनशीलता पाहू नका; नमुना रक्ताचा होता की पाण्यात विरघळवलेल्या गोळीचा, ते आधी तपासा.