मागचं चाक रुंद करताय?

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०च्या जुन्या मॉडेलला मागे ११०/९०-१८ टायर येतो. तिथे १५०/७०-१७ बसवायचा, तर रुंदी ४० मिमीने वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंना २० मिमी. खरी अडचण चेनच्या बाजूला. टायर चेनला घासू नये म्हणून स्प्रॉकेट बाहेर सरकवावं लागतं. पुढचं आणि मागचं, दोन्ही सारखंच. एकच सरकवलं तर चेन तिरकी धावते आणि दात एका बाजूने झिजतात. पुढचं फार बाहेर काढलं, की गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण.

काही गॅरेजवाले चाकच मधल्या रेषेतून थोडं बाजूला सरकवून वेळ मारून नेतात. असं काम करून घेऊच नका. दोन्ही चाकांना दोरा लावला की ही लबाडी लगेच उघडी पडते.

रिमही बदलावीच लागते. १५०च्या टायरला साधारण ४ इंची रिम हवी. अरुंद रिमवर टायर चिमटला जातो, माथा टोकदार होतो आणि जादा रुंदीचा उपयोग उरत नाही. नव्या टायरचा व्यास सुमारे १३ मिमीने कमी, म्हणून त्याच वेगाला इंजिन दोन टक्के जास्त फिरतं. वळणावर गाडी जास्त झुकवावी लागते, ते वेगळंच. दिसते मात्र झकास!

रुंद टायरला जागा करायला स्विंगआर्म (मागचं चाक धरणारी चौकट) कापण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे.